‘आणेनऊसगुणाबाई’ : मोडीच्या सरांस आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी कथा एका दिवाळी अंकाच्या संपादकांकडे रवाना झाली. तीन वर्षांनंतर माझ्या हातून पूर्ण झालेली ही पहिली कथा. ती छापली जाईल की साभार परत येईल ते यथावकाश कळेलच. परंतु ती लिहून झाली याचे श्रेय ज्यांचे, त्यांना त्याचा पत्ताच नाही, असे होऊ नये म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहीत आहे, कारण मोडी या जुन्या मराठी लिपीच्या आपल्या रविवारच्या वर्गात मी नेमकी कशासाठी येत होते, हे मी आपल्यापासूनही लपवून ठेवले होते.

मी आले होते ती पणजोबांच्या किराणा दुकानाची, मोडीत लिहिलेली हिशोबाची चोपडी घेऊन. आपण दोन पाने उलटलीत आणि म्हणालात, ‘‘वाचून देणार नाही. वाचायला शिकवीन.’’ खरे सांगायचे तर मला राग आला होता. मोडीची हौस मला नव्हती. चोपडीत एखादे कथाबीज फुकटात सापडेल, अशी चोरटी आशा होती. पतसंस्थेत दिवसभर थकबाकीच्या नोटिसा लिहिताना माझे कुठेच अडत नसे. अडत असे ते रात्री, स्वतःचे लिहायला बसल्यावर. एकाच कथेचे पहिले वाक्य मी एकेचाळीस प्रकारांनी लिहिले होते. शब्द बदलायचा, स्वल्पविराम हलवायचा, ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे आणि अखेर सगळे खोडून झोपायचे. अंकांची निमंत्रणे उन्हाळ्यात येत आणि पाऊस सुरू झाला की मी ‘यंदा जमेलसे वाटत नाही’ असे कळवून मोकळी होई. हवापालट कर, आपोआप सुचेल, असे अनेकांनी सांगितले. महाबळेश्वरला चार दिवस राहून आले. ते वाक्यही माझ्याबरोबर गेले आणि माझ्याबरोबरच परत आले.

आपण पहिले दोन रविवार आम्हाला अक्षर काढूच दिले नाही, नुसत्या रेघा ओढायला लावल्या. देवनागरीत आपण अक्षरे लिहितो आणि मग त्यांच्यावर रेघ देतो. मोडीत मात्र कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा आधी ओढायची आणि मग एकेक अक्षर तिला लटकवत जायचे. बोरू शाईत बुडवून, जास्तीची शाई दौतीच्या काठावर निथळून, मनगट न टेकता मी रेघ ओढत असे आणि ती शेवटाकडे हटकून खाली कलत असे. आपण त्यावर काही बोलत नव्हता, पुढची रेघ ओढायला सांगत होता. दुसऱ्या रविवारी वीस रेघांनी भरलेले पान समोर होते आणि त्यावर एकही अक्षर नसताना ते मला कोरे वाटले नाही. त्या पानाचे मला कौतुक वाटले, हे घरी कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

मग कित्ता आला. ‘कित्ता गिरवणे’ हा शब्दप्रयोग मी आयुष्यभर जरा तुच्छतेने वापरत आले आहे. प्रत्यक्षात आपल्या हातच्या वळणावरून तीच ओळ दहादा गिरवताना लक्षात आले, की यात सुचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हात मात्र चालू राहतो. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा रिवाज नाही. जिच्यावर माझा वेळ जात होता ती सगळी डागडुजी या लिपीने एका फटक्यात बाद केली. छापखान्याला गैरसोयीची म्हणून मोडी मागे पडली, असे आपण सांगितले होते. माझ्यातल्या मुद्रितशोधकाला गप्प बसवायला मात्र ती फारच सोयीची निघाली.

एका रविवारी आपण शिवकालीन पत्राची प्रत दाखवलीत. मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा. मजकुराची हद्द तिथे संपली, पुढे कोणी एक ओळही घुसडू नये, यासाठी ती उमटवत, असे आपण समजावलेत. घरी मी तेच केले. रोज अर्धा तास लिहायचे, ते संपले की खाली एक आडवी रेघ मारायची आणि रेघेच्या वरचा मजकूर दुसऱ्या दिवशी वाचायचा नाही. हे आपण सांगितले नव्हते, परंतु शिकले ते आपल्याकडूनच.

आणि आता चोपडीविषयी. चार महिन्यांनी मी ती पुन्हा उघडली. समासात अक्षरी लिहिलेली एक ओळ दिसली : ‘आणेनऊसगुणाबाई’. मी ती वाचली, ‘आणेन ऊस, गुणाबाई’. गुणाबाई नावाचे आमच्या घराण्यात कोणी नाही. पणजोबांनी, तेही हिशोबाच्या वहीत, कोणा परक्या बाईला ऊस आणून देण्याचा शब्द का दिला असेल? त्या रात्री मी अर्ध्या तासाचा नियम मोडला आणि तीन पाने लिहिली. रविवारी धावत येऊन आपल्याला ओळ दाखवली. आपण चश्मा कपाळावर चढवून ती डोळ्यांजवळ नेलीत आणि इतके हसलात, की शेजारच्या खोलीतून काकू चहाचे भांडे हातात घेऊनच डोकावल्या. ‘‘अहो, आणे नऊ, सगुणाबाई! उधारी आहे ही.’’

मी ओशाळून म्हटले, की मग ती पाने फाडायला हवीत. आपण वही मिटून माझ्या हातात दिलीत. ‘‘हिशोब म्हणून चूक आहे. तुमच्या पानांशी चोपडीचा काय संबंध?’’ एवढे बोलून आपण दुसऱ्या विद्यार्थ्याच्या ‘र’कडे वळलात. मी बाकावर बसून राहिले. माझी गुणाबाई कागदावर नव्हतीच, तरी ती मला स्पष्ट दिसत होती, तिच्या दारातल्या ओल्या पाचटासकट. कथा पुढच्या पाच आठवड्यांत झाली. पहिले वाक्य मी सर्वांत शेवटी लिहिले आणि ते फारसे चांगले नाही.

आपण माझ्याकडून शाईचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. चोपडीप्रमाणे सगुणाबाईंकडून आमचे नऊ आणे अजून येणे आहेत. ते वसूल झाल्यास आपल्याकडे पोहोचते करीन. या पत्राची मोडी प्रत सोबत जोडली आहे. पाचव्या ओळीतला ‘र’ चुकला असावा, रविवारी पाहावा.

बहुत काय लिहिणे. लोभ असो द्यावा, हे विज्ञापना.

आपली विद्यार्थिनी
(खिडकीजवळचा दुसरा बाक)