यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबर अण्णांना उघडं पत्र: कांडीनं सोडवलेलं फायबर

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

प्रकल्पाच्या अहवालात आभारासाठी अर्धं पान मिळतं. तिथं तुमचं नाव आहेच, पण तुम्ही आम्हाला काय दिलंत ते तिथं मावत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

सीना नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. अशा वेळी धावत्या गाडीतून ऑप्टिकल फायबर सोडत जायचं आणि दोन ठिकाणं जोडायची, एवढं आमचं काम. फायबरची काच 125 मायक्रॉन जाडीची, लेपासह 250. कारखान्यातून ती साधारण 0.69 गिगापास्कल ताणाला तपासून येते, म्हणजे इतक्या बारीक काचेला जेमतेम साडेआठशे ग्रॅमचा भार. गाडी ताशी 40 किलोमीटरनं निघाली की 10 सेंटिमीटर व्यासाचं रीळ मिनिटाला 2,100 वेळा फिरायला हवं. ते फिरवायचा जोर त्या काचेनंच द्यायचा. ब्रेक लागला तरी रीळ फिरतच राहतं आणि सैल वेढे एकमेकांत अडकतात.

सोलापुरात कन्ना चौकाजवळच्या तुमच्या कारखान्यात मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही माग थांबवून धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा तुकडा, हातात दिलात. आत सूत गुंडाळलेली कांडी घट्ट बसलेली, जराही न फिरणारी. बाण्याचं, म्हणजे आडव्या सुताचं, टोक कापडाच्या काठाला धरलेलं, धोटा पळतो आणि सूत कांडीच्या नाकावरून सुटत जातं. सूत जागच्या जागी पडून राहतं, पळतो तो धोटा. आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच. 31 मे 2009 रोजी 'नीरिअस' हे पाण्याखालचं यंत्र पॅसिफिक महासागरातल्या चॅलेंजर डीपमध्ये 10,902 मीटर खोल उतरलं, तेही असंच बारीक फायबर सोडत. ते मी वाचलेलं होतं, पण उलगडलं तुमच्या धोट्यापाशी.

पुढचं तर मी कधीच विसरणार नाही. तुम्ही सुताच्या टोकाला कागदाचा चिटोरा बांधलात आणि कांडीवरून सूत हळूहळू ओढलंत. वेढा सुटला की चिटोरा एकदा गर्रकन फिरायचा. स्थिर कांडीवरून सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे एक पूर्ण पीळ पडतो. सूत तो सोसतं. काच सैल पडली की त्याच पिळानं तिचा फास होतो आणि प्रकाश तिथंच गळतो. "पीळ जाणार कुठं बे? भरतानाच उलटा दे की," असं तुम्ही म्हणालात. आता आम्ही फायबरची बॉबिन, म्हणजे आमची न फिरणारी कांडी, भरताना दर वेढ्याला एक उलटा पीळ देतो. सुटताना दोन्ही फिटतात आणि फायबर सरळ पडतं.

धोट्याच्या आतली फरची पट्टीही तुम्हीच दाखवलीत. वेगानं सुटणारं सूत फुग्यासारखं फुलतं, त्याला ती आवरते. आमच्या बॉबिनच्या तोंडाशी आता मऊ ब्रशचं कडं आहे. वरचे वेढे एकदम घसरू नयेत म्हणून प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आखूड ठेवतो आणि थरांमध्ये हलका चिकट लेप देतो. लेप जास्त झाला तर वेढा सुटताना फायबर मागे वाकतं, कमी झाला तर चार वेढे एकदम येतात. हे प्रमाण अजून बसवतोय. तुमची कांडी निमुळत्या थरांनी पुढे सरकत भरते, आमची बॉबिन पूर्ण लांबीच्या थरांनी, त्यामुळे इथं तुमची पद्धत जशीच्या तशी चालत नाही.

पाळी संपल्यावर, पाय दुखत असताना, तुम्ही आमच्यासाठी थांबलात. पैशाचं नाव काढलं तर रागावलात. माग भंगारात चाललेत, पोरं ही विद्या शिकत नाहीत, असं तुम्ही एकदा बोलून गेलात. अण्णा, ती विद्या आम्ही शिकलो आणि अहवालात आकृत्यांसह, तुमच्याच शब्दांत लिहिली आहे. पुढची पोरं ती वाचतील.

येत्या रविवारी सकाळी चिंचोळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी आहे. न्यायला गाडी पाठवतो. काकूंनाही घेऊन या. बॉबिन भरलेली आहे, गाडी सुटण्याआधी तिच्यावरून तुमचा हात फिरायला हवा.

आपला,
फायबरवाला पोरगा