खांब, रिंग आणि मृगातला घोडा : लेथवाल्या मिस्त्रीकाकांना पत्र

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

मृग नक्षत्रातल्या अश्वशीर्ष तेजोमेघाचा आपला फोटो आता बऱ्याच जणांनी पाहिलाय. पाहणारा प्रत्येक जण विचारतो, दुर्बीण कोणती, कॅमेरा कोणता, केवढ्याला पडला. दुर्बीण ज्याच्यावर उभी आहे तो खांब कोणाचा आणि दुर्बीण-कॅमेऱ्याच्या मधली रिंग लेथवर कोणी काढली, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार चारचौघांसमोरच मानायचे आहेत, कारण हा फोटो निम्मा तुमच्या दुकानात तयार झाला.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा सोयाबीनचा हंगाम तोंडावर होता. दुकानासमोर थ्रेशर रांगेत उभे, आत कोणाची पंपाची शाफ्ट, कोणाचा ट्रॉलीचा हूक. त्या गर्दीत एक गणिताचा मास्तर दुर्बिणीचं काम घेऊन आला, तर कोणीही दिवाळीनंतर या म्हणालं असतं. तुम्ही चकातली शाफ्ट पुरी केली, हात पुसले आणि विचारलंत, "याच्यात फिरते काय?" इतका नेमका प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता.

फिरतं आकाश. खरं तर पृथ्वी फिरते, पण दुर्बिणीच्या लेखी दोन्ही एकच. तारे दर सेकंदाला सुमारे १५ आर्क-सेकंद सरकतात; आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. त्यांच्या मागोमाग दुर्बिणीला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण होईल अशा वेगानं वळवायचं, तेही दहा-दहा मिनिटं एका दमात. माझी दुर्बीण आठ इंची, तिची फोकल लांबी १,००० मिलिमीटर. कॅमेऱ्याच्या चिपवरचा एकेक ठिपका ५.४ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे १८५ बसतात. आकाशातला जेमतेम १.१ आर्क-सेकंद एका ठिपक्यात मावतो. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवून एवढंच म्हणालात, "म्हंजे हलाले नाही पाहिजे." बरोबर तेच.

मी आणलेल्या आराखड्यात खड्ड्याची खोली लिहिलेली होती, माती कोणती हे लिहिलेलं नव्हतं. तुम्ही शेतावर आलात, पायाच्या बोटानं ढेकूळ फोडलं आणि म्हणालात, "काळीत खांब नका गाडू सर. काळी हालते. मुरूम लागेलोक खंदा." यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. आपली काळी पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आक्रसते. तिच्यात रोवलेला खांब तिच्याबरोबर हालचाल करणारच. चार फुटी खांबाचं टोक फक्त एक मिलिमीटर कललं, तरी दुर्बिणीचा अक्ष ध्रुवबिंदूपासून, म्हणजे आकाश ज्याच्याभोवती फिरतं त्या बिंदूपासून, जवळपास तीन कला हुकतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि तारे हळूहळू चौकटीत गोल गोल सरकायला लागतात. आम्हाला मुरूम पाच फुटांवर लागला. तुम्ही खड्ड्यात उतरून पहारीचा आवाज ऐकलात, मगच बोल्ट बसवू दिलेत.

खांबाला बोअरच्या केसिंगचा पाईप घ्यायचा, आत कोरडी वाळू ठासायची, ही सूचनाही तुमचीच. पोकळ पाईपला टिचकी मारली की तो कितीतरी वेळ घुमतो. वाळू भरल्यावर आवाज जागीच मरतो. आणि खांबाभोवतीचं काँक्रीट खांबाला लागू द्यायचं नाही, मध्ये बोटभर फट ठेवायची, यावर तुम्ही अडूनच बसलात. पिठाच्या गिरण्यांचे पाये तुम्ही वर्षानुवर्षं असेच सुटे घालत आला आहात, म्हणजे गिरणीची थरथर घराच्या भिंतीला जात नाही. इथे उलटं हवं होतं: माझ्या पावलांची थरथर दुर्बिणीपर्यंत पोचायला नको. मी अंगठ्यांवर चालण्याची तयारी केली होती, आता बिनधास्त फिरतो.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस-साडेवीस अंश वर असतो. त्यामुळे दुर्बिणीचा मुख्य अक्ष फार आडवा होतो आणि तोल सांभाळणाऱ्या वजनांचा दांडा खाली येऊन खांबालाच अडतो. तुम्ही दांडा एकदा हातानं पूर्ण फिरवून पाहिलात, खडूनं खूण केलीत आणि खांबाच्या डोक्यावर एक निमुळता तुकडा वेल्ड करून प्लेट उंच घेतलीत. विषय संपला. आमच्यासारखी माणसं यावर आठवडेच्या आठवडे चर्चा करतात.

आता रिंगेबद्दल. हिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण बाहेरून ती अगदीच मामुली दिसते.

कॅमेरा सीसीडीचा आहे. ही चिप १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली, २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. चिपवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, ठिपक्या-ठिपक्यात साठतात, आणि शेवटी ओळीनं पुढे ढकलत मोजले जातात. उष्णतेनंही इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांना चिप ओळखू शकत नाही, म्हणून ती गार ठेवावी लागते. साधारण दर सहा-सात अंशांना हा कचरा निम्मा होतो. बाहेर डिसेंबरची रात्र असली तरी माझी चिप उणे वीसला चालते. आता बहुतेक जण सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या चिपचे कॅमेरे घेतात. माझा जुना, दुसऱ्याच्या हातून आलेला, पण तो मला फार प्रिय आहे.

दुर्बिणीच्या कडेचे तारे वाकडे येतात, ते सरळ करायला एक भिंग बसवतात. त्या भिंगापासून चिप बरोबर ५५ मिलिमीटरवर हवी. मध्ये तीन मिलिमीटर जाडीचं फिल्टर आलं की काचेमुळे फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो, म्हणजे ५६. त्यातून कॅमेऱ्याचे १७.५ आणि फिल्टरच्या चाकाचे २०.५ गेले. उरले १८. ही अठरा मिलिमीटरची रिंग एका बाजूला ४८ च्या आतल्या आट्यांची, दुसऱ्या बाजूला ४२ च्या बाहेरच्या आट्यांची हवी होती.

तुम्ही माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी चाकावर व्हर्निअर लावलात. मग पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचं गेज काढून कॅमेऱ्याच्या आट्यांवर एकेक पान ठेवून पाहिलंत आणि म्हणालात, "पाऊण आहे, एक नाही." काका, ही तपासणी फार मोलाची होती. ४२ मिलिमीटरचे दोन आटे दुनियेत चालतात: दुर्बिणीच्या सामानात ०.७५ पीचचा, जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्समध्ये १ पीचचा. नजरेला दोन्ही सारखेच. चुकीचा घातला तर दीड-दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याचेच आटे जातात.

मग लेथचे गिअर बदलून तुम्ही ॲल्युमिनिअमचा राउंड चकात धरलात. आतला बोअर म्हणजे मधलं भोक, ४८ चे आटे आणि त्या बाजूचं तोंड सपाट करणं, सगळं एकाच पकडीत. दुसऱ्या बाजूसाठी रिंग उलटी करून जबड्यात धरली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. तुम्ही तसं केलं नाहीत. आधी रिंग चढवायला लोखंडाचा मँड्रेल, म्हणजे एक दांडा, काढलात, त्यावर ४८ चे आटे पाडलेत, त्याला चकातून न हलवता त्यावर रिंग चढवलीत आणि मग दुसरं तोंड घेतलंत. डायल गेजचा काटा तोंडावर टेकवून चक हातानं फिरवलात. काटा हलला, इतका थोडा की मी वाकून पाहिलं. "पॉइंट झिरो टू," तुम्ही म्हणालात, आणि तरी एक अगदी हलका कट परत घेतलात.

तो कट वाया गेला नाही. माझ्या दुर्बिणीत लाल प्रकाशासाठी फोकसला मागेपुढे मिळून मुभा साधारण ०.०८ मिलिमीटरचीच असते. चिप १८ मिलिमीटर रुंद आहे. रिंगेची दोन तोंडं समांतर नसली की चिपची एक कड फोकसमध्ये राहते आणि दुसरी बाहेर जाते. मग एका कोपऱ्यात तारे गोल, समोरच्या कोपऱ्यात लांबट. याआधी मागवलेल्या एका तयार रिंगेनं हाच त्रास दिला होता. तिची किंमत तुमच्या बिलाच्या कितीतरी पट होती.

आतून प्रकाश चमकू नये म्हणून तुम्ही बोअरमध्ये बारीक चऱ्या पाडल्यात, आणि रंगाचा प्रश्न आला तेव्हा शाळेतल्या फळ्याचा काळा रंग मीच आणून दिला. तो अगदी मंद काळा असतो, या कामाला उत्तम. माउंटच्या, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राच्या, वर्म गिअरचं खडखडणं मी दाखवलं तेव्हा मात्र तुम्ही हात मागे घेतलात: ज्याचं माप आपल्याजवळ नाही ते आपण उघडत नाही, म्हणालात. त्या नकाराचाही मला आदर आहे.

डिसेंबरात तुम्ही दुकान बंद करून, कानाला मफलर गुंडाळून गाडीवर शेतावर आलात ती रात्र. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती, शेजारच्या हरभऱ्यात मोटर सुरू होती आणि पाण्याला गेलेल्याची बॅटरी धुऱ्यावरून लुकलुकत होती. दुर्बीण ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालू होती. मृग डोक्याकडे चढत होता. त्याच्या कमरेच्या तीन ताऱ्यांतल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या अगदी खाली अश्वशीर्ष आहे; डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. फिल्टर फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश आत सोडणारं होतं, ६५६.३ नॅनोमीटरचा. दहा मिनिटांची एक चौकट, म्हणजे एक सुटा फोटो, संपली, लॅपटॉपवर करडा चौकोन उमटला, मी उजेड ताणला.

घोडा दिसत होता. पण तुम्ही म्हणालात, "पह्यले मले कोपरे दाखवा."

मी चारही कोपरे एकेक करून मोठे केले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेल इतके वाकलात. ज्वारीच्या दाण्यांसारखे गोल तारे, चारही ठिकाणी. तुम्ही "हं" म्हणालात आणि मग मागे सरकून पुरता फोटो पाहिलात. "घोडा तं आहे बापा."

मी सांगितलं, ते काळं डोकं म्हणजे पोकळी नाही, धूळ आहे. मागे हायड्रोजन लाल तेजाळतोय आणि पुढची धूळ त्याला झाकतेय. अंतर सुमारे १,४०० प्रकाशवर्षं, आणि मान-डोकं मिळून उंची तीन-साडेतीन प्रकाशवर्षं. हे डोकं पहिल्यांदा १८८८ मध्ये विल्यमिना फ्लेमिंग या बाईंना हार्वर्डच्या वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटवर सापडलं. तुम्ही विचारलंत, त्या बाईजवळ दुर्बीण होती का नुसती काच. काच, मी म्हणालो. "मंग नजर होती," तुम्ही म्हणालात, आणि पुढची चौकट संपेपर्यंत थांबलात.

अशा पुष्कळ चौकटी जमवून मी फोटो केला. एकावर एक रचल्या की खरा प्रकाश चौकटींच्या संख्येनं वाढतो आणि खरखर फक्त वर्गमुळानं, म्हणून चारपट वेळ द्यावा तेव्हा फोटो दुप्पट स्वच्छ होतो. ते काम बसून करण्याचं आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

पण हे तुम्हाला कळवायचं होतं: मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. काळी फुगली, धुरे खचले, शेताचं फाटक टेकायला आलं. पाऊस उघडल्यावर मी माउंट चढवून ध्रुव तपासला. जिथे सोडला होता तिथेच आहे. येत्या मे महिन्यात दक्षिणेला ओमेगा सेंटॉरीचा फोटो घ्यायचा विचार आहे. लाखो ताऱ्यांचा तो गुच्छ आपल्याकडून क्षितिजाच्या २२ अंश वर येतो, युरोपातल्या बहुतेकांच्या नशिबी तो नाही. तेव्हा काकूंनाही घेऊन या, उन्हाळ्यात मफलर लागत नाही.

तुम्ही रीतसर पैसे घेतलेत, याचंही मला समाधान आहे. पावतीवर "दुर्बीण रिंग, ॲल्यु., १ नग" असं लिहिलंय. ती वहीत ठेवलीय.

आणि एक काम येतंय. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजची काही मुलं माझ्यासारखीच दुर्बीण जमवताहेत, त्यांना तुमच्याकडे पाठवतोय. कॅमेरा आणि चाक माझ्यासारखंच आहे, पण त्यांचं फिल्टर दोन मिलिमीटरचं, म्हणून रिंग १८ ची नको, १७.६७ ची लागेल. आटे गेज लावूनच बघा. मँड्रेल ठेवलेला असेल तर तोच चालेल. घाई नाही, आधी थ्रेशरवाल्यांना मोकळं करा.

तुमचा,
शेतावरचा मास्तर