अंगणवाडीची परसबाग मुलांच्या हाती द्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर उजाडला की राष्ट्रीय पोषण माह सुरू होतो आणि अंगणवाड्यांच्या परसबागांचे फोटो वर्तमानपत्रांत येऊ लागतात. सातारा जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी नोकरी झाली, दुष्काळी माण तालुक्यात आणि पावसाच्या पाटणमध्येही. या बागांबद्दल मला मनापासून आस्था आहे, म्हणून हे पत्र. तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी भाजी खावी यासाठी परसबागेसारखा उपाय मी दुसरा पाहिला नाही. पण त्या बागेत मुलांचे हात मातीत गेले पाहिजेत. मोठ्यांनी लावलेली, कुलूपबंद कुंपणातली, मुलांना लांबून दाखवायची बाग कितीही हिरवीगार असली तरी तिच्यामुळे मुलाच्या ताटात काही बदलत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी उंचीची आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. नुसत्या भाजीने हे सुटणार नाही. डाळ, अंडं, दूध, स्वच्छ पाणी आणि आईची स्वतःची तब्येत, सगळंच लागतं. तरी या सगळ्यात हिरवी भाजी सर्वांत स्वस्त, दारात उगवणारी, आणि नेमकी तीच मूल ताटाच्या कडेला सारतं.

यात मुलाचा हट्टीपणा नसतो. दोन ते सहा या वयात अनोळखी चवीला मूल बिचकतं, आणि कडसर, हिरव्या पानांना जास्तच. आई रागावते, आजी घास भरवायला मागे धावते, आणि त्या भाजीशी भांडणाची आठवण चिकटते. तीच चव सक्तीशिवाय, थोडी थोडी, आठ-दहा वेळा आणि काही मुलांच्या बाबतीत त्याहूनही जास्त वेळा पुढे आली, की बिचकणं कमी होतं. बहुतेक घरं दुसऱ्या-तिसऱ्या नकारालाच थांबतात: "आमच्याला पालक आवडतच नाही." बाग इथे कामाला येते. रोज पाणी घालताना, पान चुरगळून वास घेताना, फूल कधी येतं ते बघताना ती भाजी ताटात येण्याआधीच मुलाच्या ओळखीची झालेली असते. देशोदेशीच्या अभ्यासांतही असंच दिसलं आहे की बागेत काम केलेली मुलं भाज्या ओळखतात आणि चाखून बघायला तयार होतात. ताटातलं प्रमाण त्या मानाने सावकाश वाढतं, आणि ते घरच्या स्वयंपाकावरही अवलंबून असतं.

पाटणच्या डोंगरातल्या एका वस्तीवर माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतल्या, एका सेविकेने हे फार सुंदर केलं होतं. प्रत्येक मुलाला भेंडीचं एकेक आळं दिलं. मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून काठीला चित्र बांधलं: कुणाची छत्री, कुणाचा मासा, कुणाचा बैल. बी मुलांनीच टोकलं. काही उगवलं नाही, काही कोंबडीने उकरलं, तिथे पुन्हा टोकलं. पिवळी फुलं धरली तेव्हा मुलं अंगणवाडीत दप्तर टाकायच्या आधी आळ्याकडे पळायची. पहिल्या कोवळ्या भेंड्या त्यांनी तिथेच धुऊन कच्च्या खाल्ल्या. नंतर मदतनीसताईंनी कमी तिखटाची, कुरकुरीत परतलेली भाजी केली, तेव्हा "यातली माझी कुठली?" एवढंच भांडण होतं. घरी भेंडीला हात न लावणाऱ्या एका मुलाची आई पुढच्या आठवड्यात विचारायला आली, "बाई, तुम्ही भाजीत काय घालता?"

लहान मुलांचा धीर लहान असतो, त्यामुळे काय लावायचं याला महत्त्व आहे. मेथी आणि लाल माठ तीन-चार आठवड्यांत हाती येतात, त्यांनीच सुरुवात करावी. मुळा उपटण्यात मुलांना जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही, आणि त्याचा पालाही भाजीला होतो. भेंडी-गवार दीड-दोन महिन्यांत येतात. दोडक्याचा वेल मांडवावर चढवावा. थंडीत मटार लावलेच पाहिजेत, कारण ती शेंग सोलून खायला मुलांना कुणी सांगावं लागत नाही. आणि कोपऱ्यात शेवग्याचं एक झाड असावं. त्याचा पाला डाळीत किंवा थालीपिठात सहज मिसळतो आणि उन्हाळ्यात बाकीचे वाफे सुकले तरी तो हिरवा असतो. पालेभाजीला तेलाची फोडणी आणि वर लिंबू हवं. तेलामुळे जीवनसत्त्व अ आणि लिंबामुळे लोह अंगी लागतं. मुलं तोडलेलं थेट तोंडात घालणार, म्हणून या बागेत औषधाची फवारणी अजिबात नको. कुंपणाजवळचा धोतरा, कण्हेर, एरंड आधी काढून टाकावा.

आता अडचणी. पहिली अडचण पातेल्याची. तीन ते सहा वयाच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो, पण अनेक गावांत तो महिला बचत गट दुसरीकडे शिजवून आणतात. बाग सेविकेची, पातेलं गटाचं. मग अंगणातली मेथी फोटो काढून झाला की ज्याला हवी तो घेऊन जातो, आणि मुलांच्या खिचडीत ठरलेलंच पडतं. मुलांनी सकाळी तोडलेली भाजी त्याच दिवशी त्यांच्या पातेल्यात पडली पाहिजे, नाहीतर लावणं आणि खाणं यांची गाठ त्यांच्या मनात बसतच नाही. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. गट आणि सेविका यांनी आठवड्याचे दोन दिवस ठरवून घेतले तरी पुरे.

दुसरी अडचण वेळेची. पोषण माह सप्टेंबरात, पण पावसाळी भाज्यांचं बी जूनमध्ये मातीत जायला हवं. बियाण्याची पाकिटं श्रावण उलटल्यावर पोचतात, मग घाईने रोपं आणून खोचली जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत ती वाळतात. गावरान बियाणं गावातच असतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या बीजमाता, पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी ते किती मोलाचं आहे हे साऱ्या देशाला दाखवलं. प्रत्येक गावात एखाद्या आजीच्या गाडग्यात वालाचं, घेवड्याचं बी असतंच. त्या आजीलाच अंगणवाडीत बोलवावं.

पाण्याचं म्हणाल तर माणमध्ये प्यायच्या पाण्याची मारामार असताना बागेला पाणी मागणं मलाही जड जायचं. तिथे मुलांच्या हात धुण्याचं पाणी शेवग्याच्या आळ्यात सोडलं तर एक झाड नक्की जगतं. शेळ्यांपासून वाचवायला कुंपण हवं, आणि ते ग्रामपंचायतीने करावं. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा दहा टक्के निधी याहून योग्य कशावर खर्च होणार? सेविकेवर पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमधल्या नोंदी, सर्वेक्षणं, लसीकरणाची हाकाहाक असा बोजा आधीच आहे. खुरपणीही तिच्या माथी मारू नये. आजी-आजोबांनी वाफे वाटून घेतले तर ते आनंदाने करतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांना निसर्गात आणि हाताने काम करत शिकवण्याची वाट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर घालून दिली. महाराष्ट्राला यासाठी बाहेरून काही आणायला नको. शहरातल्या भाड्याच्या खोलीतल्या अंगणवाडीत आणि फरशी घातलेल्या खाजगी बालवाडीतही, ऊन येत असेल तर, तेलाच्या रिकाम्या डब्यात मेथी उगवते.

महिला व बालविकास विभागाकडे दोन गोष्टी मागते. बियाणं मे महिनाअखेर अंगणवाडीत पोचावं. आणि माझ्या वेळी भेटीच्या अहवालात 'परसबाग आहे / नाही' एवढाच रकाना असायचा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा: या आठवड्यात मुलांनी कोणती भाजी तोडली आणि ती कोणत्या वारी त्यांच्या जेवणात आली.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
जि. सातारा