‘काही विचारायचंय का?’ ‘नो सर!’

मा. संपादक,
स. न.

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांच्या गेटवर फाइल घेऊन उभी राहिलेली पोरं दिसायला लागतात. मी कोल्हापुरातच मेकॅनिकल केलं, नव्वदच्या दशकात. तेव्हापासून फौंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आधी साच्याची वाळू तयार करणारा सँड प्लांट, मग धातू वितळवणारं मेल्टिंग, आता सगळंच. ट्रेनी घ्यायचे असले की मुलाखतीलाही मला बसवतात. म्हणून हे पत्र.

मुलाखत संपताना आम्ही प्रत्येकाला विचारतो, “तुला काही विचारायचंय का?” उत्तर बहुतेकांचं एकच: “नो सर.” तोवर मराठीत चाललेली मुलाखत तेवढ्यापुरती इंग्रजीत जाते! लेकीला स्थळ बघायला गेल्यावर परड्यातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, इथपर्यंत चौकशी करणारी आपली माणसं. पोरगं मात्र कुठल्या डिपार्टमेंटला टाकणार, हेसुद्धा न विचारता ऑफर लेटरवर सही करून येतं. विचारलं तर साहेबाला राग येईल, अशी भीती असते. राग येत नाही. आलाच, तर तिथं न गेलेलं बरं.

मागे एका पोरानं मात्र विचारलं, “सर, तुमच्याकडं रिजेक्शन जास्त कशानं जातं, सँडनं की मेल्टिंगनं?” रिजेक्शन म्हणजे बाद ठरणारा माल. आम्ही पॅनेलवरचे एकमेकांकडं बघायला लागलो, कारण नेमक्या त्याच गोष्टीवरून त्या आठवड्यात आमची वादावादी झाली होती. मार्क त्याचे बेताचेच होते. घेतला त्याला.

तेव्हा पहिला प्रश्न कामाचा. फौंड्रीत नोकरी म्हणजे नेमकी कुठं? कोअर शॉप, मोल्डिंग लाइन, मेल्टिंग, फेटलिंग, पॅटर्न, मशिन शॉप, प्रत्येकाचं जग वेगळं. वाळूतला ओलावा थोडा इकडंतिकडं झाला की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) कसे पडतात, पावसाळ्यात ओलं भंगार भट्टीत का टाकायचं नाही, हे लाइनवर उभं राहिलेल्याला कळतं. वर्षभर एक्सेलमध्ये रिपोर्ट भरत बसलेल्याला कळत नाही, मग त्याची कंपनी पुण्याची का असेना. कुणाच्या हाताखाली काम करायचं, सहा महिन्यांनी डिपार्टमेंट बदलून मिळेल का, आणि सही करण्याआधी शॉप फ्लोअर एकदा बघू देता का, हे बेधडक विचारा. वाचक म्हणतील, हा फौंड्रीची जाहिरात करतोय. करतोय थोडी. पण आयटीत जाणाऱ्यानंही प्रोजेक्ट कुठला आणि टीम लीड कोण, हे विचारायलाच हवं.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि इथं तर आपल्याकडं सगळे लाजतात. “तीन लाखाचं पॅकेज” असं गल्लीत सांगून होतं, पेढे वाटून होतात. कागदावर ते महिना 25 हजार होतात. समजा बेसिक 12,500 आहे. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,500, कंपनीच्या वाट्याचा पीएफ. तो या पॅकेजमध्येच धरलेला असतो. तेवढाच तुमच्या वाट्याचा कापला जातो. ग्रॅच्युइटीचे सहाशेच्या आसपास, वर 200 व्यवसाय कर. हातात येतात 21 हजार. त्यात बोनस किंवा ‘व्हेरिएबल’ धरलेला असेल, तर आणखी कमी. यात फसवणूक काही नाही. पीएफ तुमचाच आहे. पण पुण्यातल्या खोलीचं भाडं 25 चा हिशेब धरून ठरवलं, तर पहिल्याच महिन्यात घरी फोन करावा लागतो. म्हणून “हातात किती येणार?” हे सरळ विचारा.

तिसरा प्रश्न फार कमी जणांना सुचतो: ही नोकरी आहे की अप्रेंटिसशिप? 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली घेतलं, तर मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन असतं. पीएफ नसतो, आणि मुदत संपल्यावर कायम करण्याची कायद्याची सक्ती नसते. तरीही माझ्या मते चांगल्या कारखान्यातली वर्षभराची अप्रेंटिसशिप वाईट कारखान्यातल्या ‘परमनंट’पेक्षा बरी. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

अमुक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरीन, असा बाँड असला तर मुदत आणि रक्कम वाचा, झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र दाखवा, पण ठेवायला देऊ नका. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या चहालाही थांबू नका.

मुलींसाठी एक वेगळं. शिफ्ट कोणती, गाडी दारापर्यंत सोडते की हायवेवरच्या फाट्यापर्यंत, आणि शॉपमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे विचारायला मुळीच संकोचू नका. या प्रश्नांनी काही कारखान्यांना सुधारणा करायला भाग पाडलंय, हे मी बघितलंय.

आता थोडं कॉलेजांना. माजी विद्यार्थी मेळाव्यात आम्हाला बोलावता, फेटे बांधता, नारळ देता. आम्हीही ‘स्वप्नं मोठी बघा’ असं काहीतरी बोलून तांबड्या-पांढऱ्या रश्शाकडं वळतो. त्यापेक्षा आम्हाला शेवटच्या वर्षाच्या वर्गात मुलाखत घ्यायला बसवा, आणि प्रश्न पोरांनी आम्हाला विचारायचे, असा नियम ठेवा. शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटना इथंच आहेत. त्यांच्याशी बोलून पोरांना तिसऱ्या वर्षातच कारखाना दाखवा. तोही भट्टी चालू असताना. नाहीतर बंद शेड बघून, ग्रुप फोटो काढून पोरं परत येतात आणि औद्योगिक भेटीचा अहवाल मागच्या बॅचचा उतरवून देतात.

आपला,
एक माजी विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर
(मुलाखतींना अजून बसतो, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)