पालापाचोळा म्हणजे कचरा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या ठाणे पानावर वर नवरंग पक्ष्याचा रंगीत फोटो आणि खाली येऊरच्या जंगलातल्या वाटेवरून गोण्या भरभरून पालापाचोळा काढणाऱ्यांची पाठ थोपटणारी बातमी. पाहुणा दारात आणि त्याचं ताट कचरागाडीत, असा हा पाहुणचार!

फोटोखाली ‘दाणे टिपणारा पावसाळी पाहुणा’ असं छापलंय. नवरंग कीटकभक्षी आहे हो. जमिनीवर टुणटुण उड्या मारत तो चोचीने पानं उलटतो आणि खालचे किडे, वाळवी, गांडुळं उचलतो. दक्षिण भारतात, श्रीलंकेत हिवाळा काढून जूनच्या आसपास तो इथे विणीला येतो, तेव्हा पहिल्या सरींनी कुजत्या पानांचा थर भिजून त्यात हे सगळं वळवळू लागलेलं असतं. थर खरवडला की उघडी माती पावसात धुपते, मग कसली गांडुळं? घरटंसुद्धा जमिनीवर नाहीतर खालच्या बेचक्यात: काटक्या, मुळं, सुकी पानं यांचा ओबडधोबड गोळा, एका बाजूला दार. झाडू घेतलेल्या माणसाला तो कचराच दिसणार. प्लास्टिक, बाटल्या खुशाल उचला. पानं राहू द्या.

चौकटीतला सल्ला तर घातकच. रात्रीच्या स्थलांतरात दमून, काचेवर आपटून बाल्कनीत पडलेल्या नवरंगाला म्हणे चमच्याने पाणी पाजा! ते श्वासनलिकेत गेलं की पक्षी संपला. बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी फडकं घाला, पक्षी ठेवून झाकण लावा आणि तासदोन तास अंधारात, शांत जागी राहू द्या. भात नको, पाव नको, सेल्फी नको. मग झाडांजवळ नेऊन झाकण उघडा. रात्र असेल तर उजाडेपर्यंत थांबा. पंख लोंबत असेल तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

मोबाइलवर शीळ वाजवून त्याला बोलावणाऱ्या फोटोवाल्यांबद्दल मात्र अवाक्षर नाही. दुसरा नर हद्दीत घुसला असं समजून तो चरणं सोडून धावत येतो. जेमतेम दोन सुरांची त्याची शीळ, तीही आता ब्लूटूथवर.

मागच्या खेपेस माझ्या पत्राचा शेवट आपण छाटलात. नवरंगाची शेपूट निसर्गतःच आखूड असते, पत्राची नव्हती.

आपला,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे