हुरड्याला येत नाही

व्हिएन्ना, 9 जानेवारी

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला येते म्हणाले होते, तिकीटही काढलं होतं. नाही येत. आई, आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

काल रात्री एजंटचा फोन आला. शनिवारचा पियानिस्ट तापानं पडलाय, बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो (पियानो नि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) तयार आहे का? मी 'हो' म्हणाले. तिकीट नंतर आठवलं.

बाबा, आमच्यात बढती कशी मिळते विचारता ना? अशीच. 1963 मध्ये न्यूयॉर्कला पियानिस्ट ग्लेन गूल्ड आजारी पडले आणि 16 वर्षांचा आंद्रे वॉट्स त्यांच्या जागी बसला. 1999 मध्ये शिकागोजवळ तेच वॉट्स आजारी पडले, तेव्हा 17 वर्षांच्या लांग लांगचं नशीब उघडलं. ज्याला ताप येतो त्याचं मानधन बुडतं, ते वेगळंच. पगारी रजा हा प्रकार आमच्यात नाही.

तालीम एकच. पियानो तिथला. तुम्ही पेटी मांडीवर घेऊन एसटीनं परळीला भजनाला जायचात. तिची कुठली पट्टी अडते हे तुमच्या बोटांना पाठ. माझं वाद्य अर्ध्या टनाचं, मी कुठं नेऊ? प्रत्येक गावी नवं सासर. इथल्या ब्योझेनडॉर्फर पियानोला तर 88 ऐवजी 97 पट्ट्या. नजर फसू नये म्हणून खर्जातल्या जादा नऊ सगळ्या काळ्या केल्यात. तुमची 42 पट्ट्यांची पेटी आठवली.

एरवी आधी ऑर्केस्ट्रा वाजतो, तेवढ्यात हात ऊब धरतात. ह्या कॉन्चेर्टोत पहिला स्वर पियानोचाच, तोही एकदम हळू. भाता असता तर हळूच फुगवला असता. इथं पट्टी दाबली की हातोडी तारेला लागते नि मागे सरते. मग सुटलेल्या स्वराला ना वाढवता येतं ना सावरता. ह्याच शहरात 22 डिसेंबर 1808 ला गारठलेल्या थिएटरात बेथोव्हेननं स्वतः तो वाजवला होता. माझे हात हीटरपाशीसुद्धा गार पडतात.

आगटीपाशी बाबा गरम कणसं स्वतःच्या तळहातावर चोळून दाणे मला द्यायचे. पोरीचे हात भाजायला नकोत म्हणे. मागल्या वर्षीही तेच.

आई, माझ्या वाटचा हुरडा वाळवून ठेव, मार्चमध्ये येते. कार्यक्रम सुरू होईल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतील. बाबांना जागू देऊ नको.

तुमची,
मनू