जहाज बॅलार्ड पियरला, मुक्काम अंधेरीला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची गर्दी वाढते आणि पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरहून अख्खी कुटुंबे सामानसुमानासह मुंबईत उतरतात. केबिन खिडकीची घ्यायची की बाल्कनीची, यावर घरात आठवडाभर खल होतो. आदल्या रात्री मुंबईत कुठे उतरायचे, हे मात्र शेवटच्या दोन दिवसांत मोबाइलवर उरकले जाते. ‘एअरपोर्टजवळ, स्वच्छ, नाश्ता मोफत’ एवढे पाहून खोली घेतली जाते आणि जहाजाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडीत बसून घड्याळ बघण्याची पाळी येते. या प्रवाशांची ने-आण आणि बुकिंग हेच आमचे काम असल्याने चार गोष्टी नेमकेपणाने सांगाव्याशा वाटतात.

पहिला घोळ ‘मुंबई पोर्ट’ या शब्दाचा. मुंबई बंदराची जमीन कुलाब्याच्या ससून डॉकपासून थेट वडाळ्यापर्यंत पसरलेली आहे. बुकिंगच्या अ‍ॅपवर ‘बंदरापासून दोन किलोमीटर’ असे लिहिलेले असते, तेव्हा ते अंतर या पट्ट्यातल्या कुठल्या बिंदूपासून मोजले आहे, हे कोणीच सांगत नाही. मोठी क्रूझ जहाजे लागतात ती बॅलार्ड पियरला. तिथले नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झाले. भाऊचा धक्का वेगळा. अलिबागकडे जाणारी मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यांसकट नेणारी बोट, तिथून सुटते आणि तो बॅलार्ड पियरच्या उत्तरेला माझगावात आहे. गेटवेवरून मांडवा-घारापुरीच्या लाँच सुटतात, मोठे जहाज नव्हे. आणि जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेवा, तर खाडीच्या पलीकडे. टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझला जायचंय’ म्हटले तर तो भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडतो, यात त्याचीही फारशी चूक नाही. तेव्हा अ‍ॅपवरचे अंतर बाजूला ठेवा. तिकिटावर किंवा बोर्डिंगच्या कागदावर टर्मिनलचे आणि प्रवेशाच्या गेटचे जे नाव छापले असेल, ते नकाशात टाकून तिथून हॉटेलपर्यंतचे अंतर स्वतः मोजा.

दुसरे, वेळेचे. जहाज पाचला सुटणार म्हणजे साडेचारला पोचलो तरी चालेल, असा हिशोब एसटीला ठीक आहे. क्रूझचे चेक-इन काउंटर जहाज सुटण्याच्या बरेच आधी बंद होतात. ती वेळ तिकिटावर असते आणि तीच खरी सुटण्याची वेळ समजावी. बंदरातून बाहेर पडण्यासाठी जहाजाला पायलट (वाट दाखवणारा बंदराचा जाणकार) आणि टग (जहाज ओढणारी छोटी बोट) ठरलेल्या वेळीच मिळतात. दोन प्रवासी घाटात अडकले म्हणून ती वेळ पुढे सरकत नाही. शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात काय होते, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. म्हणून ‘सकाळी निघू, दुपारपर्यंत पोचू’ हा बेत आम्ही कोणालाच सुचवत नाही. आदल्या दिवशी पोचावे.

आता मुक्काम कुठे. टर्मिनलच्या गेटपासून सर्वांत जवळचा पट्टा म्हणजे बॅलार्ड इस्टेट, जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय) जवळचे बोरा बाजार, मोदी स्ट्रीट, पेरिन नरिमन स्ट्रीट आणि पी. डिमेलो रोड. इथून टर्मिनल साधारण एक-दीड किलोमीटरच्या आत येते. अडचणच आली तर बॅगा ओढत चालतही जाता येते. त्यानंतरचा पट्टा चर्चगेट, मरीन ड्राइव्ह आणि कुलाबा. टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटे, गर्दीत अर्धा तास. खोल्या इथे बऱ्या, भाडे चढे. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे मोजू नयेत, असे आमचे मत. पुढचे दोन-तीन दिवस दुसरे काही दिसणारच नाही. दादरला नातेवाईक असतील तर जरूर उतरा, पण हॉटेल म्हणून दादर निवडण्यात फायदा नाही. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास आणि दर फोर्टपेक्षा फार कमी नाहीत.

विमानतळाजवळ उतरण्याचा सल्ला पूर्वी आम्ही सरसकट मोडीत काढायचो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागल्यापासून तो थोडा बदलला आहे. विमान रात्री उशिरा उतरत असेल, तर विमानतळाच्या टी-२ टर्मिनलजवळ झोपून सकाळी मेट्रोने सीएसएमटी किंवा हुतात्मा चौक गाठता येतो आणि रस्त्यावरची कोंडी चुकते. मात्र माणशी एकच बॅग असेल तरच. स्थानकातून वर आल्यावर बॅलार्ड पियरपर्यंत टॅक्सी करावीच लागते, ती कुटुंबप्रमुखाने आधी बघावी. नवी मुंबई विमानतळावर उतरणाऱ्यांनी तिकडे मुक्काम करू नये. अटल सेतू, शिवडी, ईस्टर्न फ्रीवे असा मार्ग थेट पी. डिमेलो रोडवर उतरतो. त्याच रात्री फोर्टात येऊन झोपलेले बरे. फ्रीवे जिथे उतरतो तिथे ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचे काम चालू आहे. त्या शेवटच्या तुकड्यासाठी हाताशी वेळ ठेवा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट, जी नकाशात कळत नाही. सीएसएमटीला लांब पल्ल्याच्या गाड्या ८ ते १८ या फलाटांवर लागतात. उतरल्यावर बहुतेक लोक सवयीने लोकलच्या बाजूने समोरच्या मोठ्या चौकात येतात. तिथे भुयारी मार्गाच्या पायऱ्या, फेरीवाले, आणि मग टॅक्सीसाठी ताटकळणे. त्याऐवजी फलाट १८ च्या बाजूने बाहेर पडा. तुम्ही थेट पी. डिमेलो रोडवर येता आणि बॅलार्ड इस्टेट त्याच अंगाला आहे. दीड किलोमीटरसाठी टॅक्सीवाले कुरकुर करतात, कारण फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये आहे आणि तेवढ्यासाठी रांगेतला नंबर घालवायला कोणी राजी नसते. सामानाचे वेगळे पैसे आधीच बोलून घेतले की वाद होत नाही. रिक्षा शोधू नका. वांद्रे-शीवच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही.

टॅक्सीबाबत आणखी एक. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा एका टॅक्सीत मावत नाहीत. कॅरिअर असला तर दोन बॅगा वर जातात, नसला तर दुसरी टॅक्सी करावी लागते. हे ऐन वेळी हॉटेलच्या दारात कळण्यापेक्षा खोली घेतानाच लक्षात घ्यावे. हॉटेल जवळ असेल तर त्याच टॅक्सीच्या दोन फेऱ्याही परवडतात, अंधेरीहून नाही.

जवळच्या पट्ट्याचेही दोष आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. बोरा बाजारातली बरीच लॉज जुन्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहेत. लिफ्ट असते, पण जाळीच्या दाराची, तीन माणसांची, आणि ती रात्री बंद ठेवणारी ठिकाणेही आहेत. ‘एसी डिलक्स’ खोलीला खिडकी नसणे हा प्रकार सर्रास. खिडकी असली तर ती अनेकदा इमारतीच्या आतल्या चौकात उघडते. पी. डिमेलो रोडच्या बाजूची खोली घेतली तर रात्रभर ट्रक वाहतात, म्हणून मागची खोली मागावी. शनिवारी संध्याकाळनंतर आणि रविवारी ऑफिसच्या गर्दीवर चालणारी उपाहारगृहे बंद असतात. तेव्हा रविवारच्या जहाजासाठी शनिवारी फोर्टात उतरणार असाल तर जेवणाची सोय हॉटेलात आहे का, हे विचारून घ्या, नाहीतर चर्चगेट किंवा कुलाब्याला जाऊन या. मळमळीची गोळी आणि रोजची औषधे गावाहूनच आणा.

बुकिंग अ‍ॅपवर करा, पण खोली पक्की करण्याआधी हॉटेलला फोन कराच. रिसेप्शन कितव्या मजल्यावर, लिफ्टमध्ये मोठी बॅग जाते का, पाणी चोवीस तास आहे का, नाश्ता किती वाजता सुरू होतो, एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. आणि ओळखपत्र. ठाणे, डोंबिवली, विरारहून येणारे दांपत्य सकाळची लोकल नको म्हणून आदल्या रात्री फोर्टात खोली घेते आणि काउंटरवर ‘लोकल आयडी चालत नाही’ असे ऐकते. असा कायदा कुठेही नाही, ती हॉटेलची स्वतःची अट असते, पण रात्री दहा वाजता कायदा सांगून खोली मिळत नाही. परदेशातून आलेल्या आणि परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांची अडचण वेगळी. अशा पाहुण्याची नोंद हॉटेलला सरकारकडे चोवीस तासांत करावी लागते. ज्या लहान लॉजकडे ती व्यवस्था नाही, ते सरळ नकार देतात. एका खोलीत भारतीय आजी-आजोबा आणि अमेरिकन पासपोर्टवाला नातू असला तरी नकार येतो, म्हणून आधीच सांगा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते चेक-आउटकडे. मोठ्या हॉटेलात खोली सकाळी अकरा-बाराला सोडावी लागते आणि तुमचा बोर्डिंग स्लॉट दोन-तीनचा असू शकतो. मधले तीन तास लहान मुले, वृद्ध आणि बॅगा घेऊन कुठे बसायचे? जुन्या लॉजमध्ये अजूनही ‘चोवीस तास’ पद्धत आढळते. रात्री नऊला खोली घेतली तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत ती तुमची. क्रूझच्या प्रवाशाला याहून सोयीचे काही नाही. याउलट काही लॉजमध्ये कधीही या, सकाळी नऊला खोली रिकामी, असा नियम असतो. भाडे दोघांचे सारखे दिसले तरी दुसरे महाग पडते. तीच गोष्ट कराची. सप्टेंबर २०२५ पासून खोलीचे दिवसाचे भाडे साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के. ७,४०० आणि ७,६०० रुपयांच्या खोल्यांतला फरक बिलात दोनशेचा राहत नाही, बाराशेच्या जवळ जातो.

महालक्ष्मी, सिद्धेश्वर, देवगिरी, विदर्भ या गाड्या रात्रभर धावून सकाळी सीएसएमटीला येतात. त्यांनी येणाऱ्यांना मुक्कामाची गरज नाही असे वाटते, आणि गाडी वेळेवर असेल तर ते बरोबरही आहे. अशांनी अर्ध्या दिवसासाठी रेल्वेचे विश्रामकक्ष बघावे, किंवा बॅगा क्लोकरूममध्ये टाकाव्यात. कुलूप असलेलीच बॅग घेतात आणि तिकीट मागतात. पण जहाजाच्या तारखेच्या आसपास रेल्वेचा मोठा ब्लॉक (कामासाठी मार्ग बंद) जाहीर झाला आहे का, ते पाहा. २०२४ च्या मे-जूनमध्ये फलाट १० व ११ ची लांबी वाढवताना अनेक गाड्या रद्द झाल्या किंवा दादर, ठाण्यालाच थांबल्या. अशा वेळी एक दिवस आधी निघावे.

तारीखही बघा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन सीएसएमटीसमोरून सुटते आणि पहाटेपासून दुपारपर्यंत फोर्टातले रस्ते बंद असतात. त्या दिवशी कुलाब्यातून निघणेसुद्धा कठीण, फक्त चालत जाण्याच्या अंतरावरचे हॉटेल कामाचे. विधिमंडळाचे अधिवेशन मुंबईत असले की नरिमन पॉइंटच्या बाजूला खोल्या मिळत नाहीत. आझाद मैदानावर मोठे आंदोलन असेल तर सीएसएमटीचा परिसर कसा गच्च होतो, हे ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात सगळ्यांनी पाहिले. ३१ डिसेंबरच्या रात्री गेटवेजवळ उतरू नका.

स्वतःची गाडी आणण्याचा मोह टाळावा. फोर्टातल्या बहुतेक हॉटेलांना स्वतःची पार्किंगची जागा नाही आणि रस्त्यावरच्या पे-अँड-पार्कमध्ये तीन रात्री गाडी ठेवणे म्हणजे टोइंगला आमंत्रण. परतताना जहाज सकाळी लागते, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांची डेक्कन क्वीन घरी नेते. त्या दिवसापुरते सामान आदल्याच हॉटेलात ठेवू देतात का, तेही पहिल्याच फोनमध्ये विचारता येते.

गोव्यातून चढणाऱ्यांची हीच चूक दुसऱ्या नावाने होते. जहाज मुरगावला लागते आणि मुक्काम कळंगुटला. वास्कोत उतरणे शहाणपणाचे. दाबोळी विमानतळ तिथून जवळ आहे. मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्यांना मुरगाव साठ किलोमीटरहून लांब पडते, हे तिकीट काढतानाच ध्यानात ठेवावे.

शेवटी तीन मागण्या, आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोचाव्यात. क्रूझ कंपन्यांनी तिकिटावर गेटचे नाव, जवळची ठळक खूण आणि चेक-इन बंद होण्याची वेळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापावी. बंदर प्राधिकरणाने टर्मिनलवर सकाळी नऊपासून बॅगा स्वीकारण्याची सोय करावी, म्हणजे चेक-आउट आणि बोर्डिंग यांमधले तास सुटसुटीत होतील. आणि बेस्टने जहाजाच्या दिवशी फलाट १८ च्या बाहेरून टर्मिनलच्या गेटपर्यंत, सामान ठेवायला जागा असलेली एखादी मिनीबस दर वीस मिनिटांनी सोडावी. अंतर दीड किलोमीटरचेच आहे.

आपले,
प्रवासी सेवा क्षेत्रातील काही वाचक, मुंबई